'केअर'ची शेपटी बघा: खानदेशातून इंग्रजीत नव्यानं शिरणाऱ्यांसाठी

'प्लीज टेक केअर ऑफ द बॉक्सेस.'

आखातातल्या एका खरेदीदाराच्या ई-मेलमधलं हे वाक्य. सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागून मला तेव्हा तीनच महिने झाले होते. कामाचं स्वरूप म्हणजे ई-मेल वाचायचे, अण्णांना, म्हणजे मालकांना, मराठीत सांगायचे आणि उत्तर इंग्रजीत टाकायचं. मी वाचलं, 'पेट्यांची काळजी घ्या.' मनात म्हटलं, हे काय सांगणं झालं? पेटी चेपली तर फणी काळी पडते हे आमच्या हमालालाही माहीत. लगेच उत्तर ठोकलं, 'येस सर, वी विल टेक केअर.'

त्या माणसाला म्हणायचं होतं, 'पेट्यांचं तुम्ही बघा.' म्हणजे छापून तुम्ही घ्या, आणा तुम्ही, पैसेही तुम्हीच द्या. तोवर १३ किलोच्या त्या पेट्या त्यांच्या खर्चानं यायच्या. कंटेनर निघाला, बिल आलं, आणि अण्णांनी मला समोर बसवून चहा पाजला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, 'भाऊ, हे तू कोणाला विचारून कबूल केलं?'

तेव्हापासून 'केअर' दिसलं की मी थांबतो. चोपड्याहून, शहाद्याहून, शिरपूरहून पुण्याला किंवा सुरतेला नोकरीला जाणारी पोरं, नर्सिंग करून बाहेर निघालेल्या मुली आणि आमच्यासारखे केळीचे ई-मेल लिहिणारे अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. व्याकरण शिकवायचं नाही. एका शब्दाभोवतीचे खड्डे दाखवायचे आहेत, कारण त्यातल्या दोन-तीन खड्ड्यांत मी स्वतः पडलोय.

पायरी पहिली: 'केअर म्हणजे काळजी' हे विसरा

शाळेत आपल्याला जोडी पाठ करून दिलेली असते. केअर म्हणजे काळजी. जोडी चुकीची नाही, पण अर्धी आहे. मराठीत नुसत्या 'काळजी'नं काहीच ठरत नाही, ठरतं पुढच्या क्रियापदानं. काळजी 'करणं' वेगळं आणि 'घेणं' वेगळं. आईला काळजी 'वाटते', पोरगा रात्री उशिरापर्यंत आला नाही तर तिला काळजी 'लागते', आणि आजारी सासऱ्यांची काळजी 'घेणारी' सून गावात नावाजली जाते. करणं, वाटणं, लागणं हे सगळं मनातलं. घेणं मात्र हाताचं काम.

इंग्रजीत ही वाटणी शब्दाच्या मागे लागलेल्या बारक्या शब्दावर होते. ऑफ, फॉर, अबाउट, किंवा काहीच नाही. त्यालाच मी शेपटी म्हणतो. म्हैस ओळखायची तर तोंड बघतात म्हणे, 'केअर' ओळखायचं तर शेपटी बघायची.

यातून पहिली आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक निघते. साहेब काळजीत आहेत, माल वेळेवर पोचेल का म्हणून विचारताहेत. आपल्याला म्हणायचंय 'साहेब, काळजी करू नका', आणि आपण म्हणतो 'सर, यू डोंट केअर.' याचा अर्थ झाला, 'साहेब, तुम्हाला कशाचं काही पडलेलंच नाही.' मनातल्या काळजीला इंग्रजीत 'वरी' आहे. 'डोंट वरी, सर' म्हणा, काम भागतं. काळजी 'करणं' आलं की 'वरी', काळजी 'घेणं' आलं की 'केअर'. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी लढाई जिंकली.

गंमत म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'केअर'चा मूळ अर्थ दुःख, शोक, चिंता असाच होता. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' त्याच मुळाचा, म्हणजे शोकाचा शुक्रवार. आणि आपल्याला वाटतं 'केअर' आणि 'क्युअर' भाऊ-भाऊ असतील, तर ते नातं नाही. 'क्युअर' लॅटिनच्या घरातला. तोंडावळा सारखा, बस्स. शोकापासून निघालेला शब्द चालत-चालत देखभालीपर्यंत आला. आपल्या 'काळजी'तही 'काळीज' ऐकू येतंच की.

आणखी एक. आपल्या बोलण्यात हल्ली 'ती माझी खूप केअर करते' असं सर्रास येतं. मराठीत ते खपून जातं, पण तसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'शी डझ माय केअर' असलं काहीतरी होतं. 'शी टेक्स गुड केअर ऑफ मी' म्हणा. तसंच 'तो एकदम डोन्ट केअर माणूस आहे' हे आपलं देशी विशेषण आहे, बिनधास्त, बेफिकीर या अर्थाचं. इंग्रज माणसाला ते असं सांगितलं तर त्याला वाटतं वाक्य अर्धवट राहिलं.

पायरी दुसरी: शेपटीच नसेल तर

'ओके, टेक केअर!' फोन संपताना, लिफ्टचं दार बंद होताना, मेसेजच्या शेवटी. इथं कोणी कोणाची देखभाल करायला सांगत नसतं. हा निरोप आहे. आपण 'येतो' म्हणतो तेव्हा आपण येत नसतो, जात असतो, तसंच हे. त्यामुळे 'टेक केअर' म्हटल्यावर 'का हो, काय झालं?' असं मनात आणू नका. पुण्यातल्या एका कस्टमर केअरच्या नोकरीत असताना आमच्यातल्या एका पोराला अमेरिकेतला ग्राहक फोन ठेवताना 'टेक केअर, बडी' म्हणाला. पोरगा अर्धा तास घाबरून बसला होता, तक्रार करणार म्हणून. ग्राहक बिचारा खुश होऊन गेला होता.

उत्तर काय द्यायचं? 'यू टू.' पुरे. 'येस सर, आय विल टेक केअर' म्हटलं तर चूक नाही, पण 'जेवलास का?' या विचारण्यावर ताटात काय-काय होतं ते सांगत बसण्यासारखं होतं.

कुणाला म्हणायचं, कुणाला नाही, हे मात्र बघावं लागतं. ओळखीच्या माणसाला, सहकाऱ्याला, आजारी असलेल्या कुणालाही खुशाल म्हणा. पहिल्यांदाच ई-मेल लिहिताय, समोर मोठा अधिकारी आहे, तिथं शेवटी 'टेक केअर' टाकू नका. थोडं सलगीचं होतं. तिथं 'रिगार्ड्स' बरं. आणि पैशावरून वाद चालू असताना शेवटी 'टेक केअर' लिहिलंत, तर समोरच्याला ते 'सांभाळून राहा' असं धमकीवजा वाचता येतं. मी तर वादाच्या ई-मेलमधून हा शब्द कायमचा काढून टाकलाय.

नात्यातलं 'टेक केअर' हा वेगळाच विषय. रोज रात्री दहा मिनिटं गप्पा मारणारा माणूस एक दिवस नुसतं 'टेक केअर' लिहून थांबतो, तेव्हा त्यात पूर्णविराम असू शकतो. त्यावर सल्ला द्यायला मी योग्य माणूस नाही.

निरोपाखेरीज या बिनशेपटीच्या रूपाचा दुसरा उपयोग म्हणजे सूचना. 'टेक केअर, द फ्लोअर इज वेट', म्हणजे 'जपून, फरशी ओली आहे.' पुढे 'टु' आलं की काम नीट करण्याची ताकीद असते. 'टेक केअर टु चेक द टेम्परेचर' म्हणजे 'तापमान न विसरता तपासा.' आमच्याकडे हे वाक्य दर कंटेनरला येतं, कारण केळी तेरा-चौदा अंशांच्या आसपास न्यावी लागते. त्याच्या खाली गेलं की सालीला गारठा लागतो, ती काळवंडते आणि मग पिकवली तरी नीट रंग धरत नाही. म्हणजे इथं 'टेक केअर टु' म्हणजे प्रेमळ सल्ला नाही. चुकलात तर माल परत.

'जपून जा' हा शब्द आपल्या मराठीत 'टेक केअर'च्या सगळ्यांत जवळचा. पण तोही सगळ्या खानदेशात सारखा चालत नाही. माझी मामी पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. अहिराणीत 'जप' म्हणजे झोप. आमच्या रावेर-यावलकडच्या लेवा बोलीत वाढलेला मी एकदा निघताना मामीला 'तू पण जपून ये' म्हणालो, तर ती म्हणाली, 'गाडीवर जपी जाऊ का काय?' एका जिल्ह्यात ही गत, तर दुबईच्या माणसाचं काय घेऊन बसलात.

पायरी तिसरी: शेपटी 'ऑफ' असेल तर खिशाला हात लावून बघा

इथं जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच होतो. 'टेक केअर ऑफ' हे एकच रूप निदान चार-पाच कामं करतं.

पहिलं काम म्हणजे निगा. आई-वडिलांची, बाळाची, गाईची, बागेची. केळी उभी करणाऱ्याला हे समजावायला नको. रोप लावल्यापासून घड उतरेपर्यंत, पील (बुंध्याशी फुटणारं जादा रोप) काढण्यापासून निसवलेल्या, म्हणजे बाहेर पडलेल्या, घडाला पिशवी चढवण्यापर्यंत जे चालतं, ते सगळं 'टेकिंग केअर ऑफ'. दवाखान्यात नर्स सांगते, 'वी आर टेकिंग गुड केअर ऑफ हिम', तेव्हा तेच. हा अर्थ सरळ आहे. आपण शाळेत शिकतो तो हाच आणि म्हणून सगळीकडे हाच लावतो.

दुसरं काम म्हणजे जबाबदारी उचलणं, निस्तरणं. 'आय विल टेक केअर ऑफ द कम्प्लेंट' म्हणजे 'तक्रारीचं मी बघतो.' इथं तक्रारीवर कुणी माया करत नाहीये! ओळखायची खूण सोपी आहे. 'ऑफ'च्या पुढे जिवंत काही असेल, माणूस, जनावर, झाड, तर बहुधा निगा. पुढे कागद, काम, बिल, अडचण, तिकीट असलं काही निर्जीव असेल तर बहुधा 'बघणं'. 'बहुधा' म्हणतोय, कारण गाडीची, घराची, यंत्राची निगाही राखली जातेच. पण नव्या माणसाला ही खूण दहातल्या आठ वेळा तारते. मी त्या दिवशी एवढं जरी ताडून बघितलं असतं, की पेटी ही निर्जीव आहे, तर अण्णांचा चहा वाचला असता.

तिसरं काम पैशाचं. 'वी विल टेक केअर ऑफ द फ्रेट' म्हणजे जहाजभाडं आम्ही भरू. हॉटेलात जेवण झाल्यावर पाहुणा म्हणतो 'आय विल टेक केअर ऑफ इट' आणि बिलाकडे हात नेतो. म्हणजे तो पैसे देतोय, बिल सांभाळून ठेवत नाहीये. धंद्यात तिसरं आणि दुसरं काम हातात हात घालून येतात. 'बघतो' म्हणणारा पैसेही देणार का, हे वाक्यातून कळत नाही. अशा वेळी लाज न बाळगता परत विचारायचं. मी आता ठरलेलं वाक्य वापरतो, 'जस्ट टु कन्फर्म, हू विल बेअर द कॉस्ट?' म्हणजे 'खात्रीसाठी विचारतो, खर्च कोणाचा?' परत विचारल्यानं इंग्रजी कच्चं आहे असं कुणाला वाटत नाही. उलट माणूस पक्का आहे असं वाटतं. शेताच्या बांधावर सौदा होताना व्यापाऱ्याला आपण दहादा विचारतोच ना, कटती (वजनातली घट) कुणाची, गाडीभाडं कुणाचं? ई-मेलमध्ये आलं की आपण गप्प का बसतो, कुणास ठाऊक.

चौथं काम अंधारातलं. 'डोंट वरी अबाउट द ऑफिसर, वी हॅव टेकन केअर ऑफ हिम.' अधिकाऱ्याला ताप आला म्हणून औषध दिलं असा याचा अर्थ नाही. चहापाणी झालं, असा आहे. आणि इंग्रजी पिक्चरमध्ये गुंडांचा म्होरक्या शांत आवाजात 'टेक केअर ऑफ हिम' म्हणतो, तेव्हा त्याचा काटा काढायचा असतो. मराठीतही 'त्याचा बंदोबस्त करा' म्हणजे पाहुण्याच्या राहण्या-जेवणाची सोय असू शकते आणि दुसरंही काही असू शकतं. बोलणारा कोण आणि आवाज कसा, त्यावर ठरतं.

दोन ठरीव रूपं इथंच शिकून घ्या, कारण ती दर आठवड्याला कानावर येतात. 'इट्स टेकन केअर ऑफ' म्हणजे 'ते झालंय, तुम्ही त्यात पडू नका.' हे ऐकल्यावर पुन्हा तेच काम करायला घेऊ नका. दोनदा बुकिंग झाल्याची उदाहरणं आहेत. आणि 'दॅट टेक्स केअर ऑफ दॅट' म्हणजे 'चला, हे एक मिटलं.' हात झटकत म्हणायचं वाक्य आहे ते.

'ही कॅन टेक केअर ऑफ हिमसेल्फ' यात थोडा माज आहे. स्वतःची आंघोळ-जेवण करतो एवढंच नाही, कुणी अंगावर आलं तर बघून घेईल, असा त्याचा सूर असतो.

पायरी चौथी: 'फॉर' आणि 'अबाउट'

'अबाउट' सोपी शेपटी आहे. 'शी केअर्स अबाउट हर स्टुडंट्स' म्हणजे तिला विद्यार्थ्यांबद्दल आस्था आहे. हातानं काही करतेच असं नाही, पण तिला फरक पडतो. मुलाखतीत 'आय केअर अबाउट क्वालिटी' म्हटलं तर चालतं. मात्र लगेच एक उदाहरण द्या, नाहीतर ते भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं.

'फॉर' मात्र लबाड आहे. परदेशी पाहुणा घरी आला किंवा तुम्ही हॉटेलात कामाला लागलात, तर हे वाक्य भेटणारच: 'वुड यू केअर फॉर सम टी?' म्हणजे 'चहा घेणार?' काळजीचा इथं लवलेशही नाही. जरा जुन्या वळणाची, अदबीची विचारणा आहे ही. उत्तर 'येस, प्लीज' किंवा 'नो, थँक्यू'.

नकारात गेलं की अर्थ आणखी सरकतो. 'आय डोंट केअर फॉर ब्रिंजल' म्हणजे 'मला वांगं आवडत नाही.' २०१६ साली आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भरिताचं ताट, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात असं पुढ्यात ठेवल्यावर कुणी हे वाक्य म्हणालं, तर दुखावू नका. तो सभ्यपणे नको म्हणतोय. ('आय हेट इट' म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.) पण लक्षात ठेवा, होकारात ही आवड चालत नाही. 'आय केअर फॉर टी' म्हणून चहा आवडतो असं कुणी सांगत नाही. तिथं 'लाइक'च.

मग होकारात 'केअर फॉर' कशाला येतं? माणसांसाठी. 'ही केअर्ड फॉर हिज मदर' म्हणजे त्यानं आईची शुश्रूषा केली. 'ही रिअली केअर्स फॉर हर' म्हणजे त्याचा तिच्यावर जीव आहे. शुश्रूषा की जीव, हे भोवतालच्या वाक्यांवरून कळतं. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा दोन्ही एकच असतं.

पायरी पाचवी: उलट्या वाक्यांपासून लांब राहा

'आय कुडन्ट केअर लेस.' नव्या माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो. हिशोबानं घ्या. मला जेवढी पर्वा आहे, ती याहून कमी होऊच शकत नाही. म्हणजे पर्वा शून्यावर आली. आपल्या भाषेत, 'मला त्याचं सोयरसुतक नाही.' दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हे ब्रिटनमध्ये लोकांच्या तोंडी बसलं.

मग अमेरिकेत १९५०च्या दशकात त्यातला नकार गळाला आणि 'आय कुड केअर लेस' सुरू झालं. हिशोबानं याचा अर्थ उलटा व्हायला हवा, 'अजून कमी पर्वा करू शकतो', म्हणजे थोडी तरी आहे. पण बोलणाऱ्याला म्हणायचं असतं तेच, शून्य. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर याला उपरोध मानतात, पुष्कळ ब्रिटिश लोक निव्वळ चूक मानतात, आणि यावर तिकडे भांडणं होतात. आपण त्या भांडणात कशाला पडायचं? कानावर आलं तर दोन्हींचा अर्थ एकच धरा. तोंडून काढायचंच असेल तर नकारवालं काढा. आणि ऑफिसात तर दोन्ही नको. 'मला काय त्याचं!' हे आपण घरात म्हणतो, मॅनेजरला नाही.

'हू केअर्स?' आणि 'फॉर ऑल आय केअर' हीही याच पंगतीतली. 'ही कॅन लीव्ह टुडे, फॉर ऑल आय केअर' म्हणजे 'आज जाऊ दे की, गेला उडत.' ऐकून समजलं पाहिजे. वापरायची घाई नको.

पण या पंगतीतला खरा धोका सभ्य चेहऱ्यानं येतो. पुण्यात त्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, 'डे शिफ्ट की नाइट शिफ्ट?' भुसावळहून रात्रीच्या गाडीनं गेलेला मी, डोळे चुरचुरताहेत, नोकरी हवीच आहे. म्हणायचं होतं, 'कुठलीही चालेल.' म्हणालो, 'आय डोंट केअर.' समोरच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. नोकरी मिळाली, कारण त्यांना माणसं हवी होती आणि बहुधा असले उमेदवार त्यांना रोजच भेटत असावेत. पण पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बाजूला घेऊन फरक सांगितला. 'कुठलंही चालेल' याला 'आय डोंट माइंड' किंवा 'आयदर इज फाइन'. 'आय डोंट केअर' म्हणजे 'तुमच्या शिफ्टी गेल्या खड्ड्यात.' एका शब्दाचा फरक, आणि मी तो बी.ए. होईपर्यंत कुठेही ऐकलेला नव्हता. तुम्ही हा लेख इथंच सोडलात तरी हरकत नाही, एवढं एक वाक्य घेऊन जा.

पायरी सहावी: कागदावरचं 'केअर'

पत्त्यात 'सी', मग तिरकी रेघ, मग 'ओ' दिसतं, ते 'केअर ऑफ'. आधार कार्डावरच्या पत्त्यातही हे येतं. म्हणजे 'यांच्याकडे', जुन्या पाकिटांवर 'द्वारा' लिहायचे ते. नव्या शहरात मामाकडे राहताय आणि बँकेचं पत्र मागवायचंय, तर आधी तुमचं नाव, मग 'केअर ऑफ' मामांचं नाव, मग पत्ता. उलटं केलंत तर पत्र मामांना आलं असं होईल.

'हँडल विथ केअर' म्हणजे जपून हाताळा. 'अर्जंट केअर' नावाची पाटी परदेशात दिसली तर तो ताबडतोब बघणारा दवाखाना.

'केअरलेस' आणि 'केअरफ्री' सारखे वाटतात, पण पहिला शिवी आहे आणि दुसरा सुख. निष्काळजी आणि निश्चिंत. स्वतःबद्दल लिहिताना अदलाबदल करू नका. आमच्याकडे आलेल्या एका अर्जात मुलानं स्वभाव म्हणून 'केअरलेस' लिहिलं होतं. प्रामाणिकपणाबद्दल त्याला बोलावून घेतलं.

नर्सिंगच्या मुलींसाठी: घरी राहून रुग्णाची किंवा म्हाताऱ्या माणसाची देखभाल करणाऱ्याला ब्रिटनमध्ये 'केअरर' म्हणतात, अमेरिकेत 'केअरगिव्हर'. 'केअरटेकर' म्हटलं की ब्रिटनमध्ये शाळेची किंवा इमारतीची देखभाल करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आणि ब्रिटनमध्ये एखादं मूल 'इन केअर' आहे असं ऐकलंत, तर ते आजारी नाही. आई-वडिलांऐवजी सरकारी यंत्रणा त्याचा सांभाळ करतेय.

आपल्याकडच्या सरकारी पाट्या लिहिणाऱ्यांनी मात्र हा गुंता बरोबर सोडवलाय, हे कबूल करायला हवं. 'इन्टेन्सिव्ह केअर'ला त्यांनी अतिदक्षता केलं. चाइल्ड केअरला बालसंगोपन, कस्टमर केअरला ग्राहक सेवा. एकाच शब्दाला ठिकाण बघून तीन वेगळे शब्द, आणि तिन्ही चपखल. एके ठिकाणी मात्र काळजी सोडली नाही, नवं सरकार येईपर्यंतचं 'केअरटेकर गव्हर्न्मेंट' म्हणजे काळजीवाहू सरकार. काळजी वाहणारं. डोक्यावर पाटी घेतल्यासारखं.

आता सराव कसा करायचा

वही घ्या किंवा फोनवर लिहा. महिनाभर जिथं जिथं 'केअर' दिसेल ते वाक्य उतरवून काढा. ई-मेल, औषधाचा डबा, विमानतळावरची पाटी, सिरियल, काहीही. समोर मराठी लिहा, पण अट एक, 'काळजी' हा शब्द वापरायचा नाही. निगा, जपणं, सांभाळणं, बघणं, निस्तरणं, पैसे भरणं, आस्था, जीव, आवड, पर्वा, फिकीर, तमा, देणं-घेणं, दक्षता, शुश्रूषा यांतला एक निवडायचा. कुठलाच बसला नाही तरच काळजी. मी हे केलं तेव्हा पहिल्या पानावर वीस वाक्यं झाली आणि 'काळजी' फक्त तीनदा लागली.

मग उलट दिशेनं करा. दिवसभरात घरात जे बोलता ते इंग्रजीत कसं म्हणाल ते बघा. 'लाइट बिलाचं मी बघतो' हे सोपं आहे. 'आजीकडे लक्ष दे' हेही जमेल. 'त्याला कोणाची तमा नाही' यावर थोडं अडाल. 'जीव लावला त्या वासराला' यावर पुष्कळ अडाल, आणि त्याचं मला आजपर्यंत समाधानकारक इंग्रजी मिळालेलं नाही. मिळालं तर मलाही सांगा.

धंद्याचे ई-मेल लिहिणाऱ्यांनी आणखी एक करावं. स्वतः लिहिताना पैशाच्या जागी 'टेक केअर ऑफ' वापरूच नये. 'पे' असेल तर 'पे' लिहा, 'अरेंज' असेल तर 'अरेंज'. गोड वाटत नाही, पण नंतर भांडण होत नाही. 'वी विल अरेंज द बॉक्सेस, यू विल पे फॉर देम.' आमच्या पॅकहाऊसमध्ये आता हे वाक्य ठरलेलं आहे, आणि ते अण्णांना मी मराठीत वाचून दाखवल्याशिवाय पाठवत नाही.

गेल्या महिन्यात त्याच खरेदीदाराचा पुन्हा ई-मेल आला. माल चालू होता, दर बरा होता. शेवटच्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, 'अँड टेक केअर, इट मस्ट बी हॉट देअर.' मी शेपटी शोधली. नव्हती. बाहेर ४४ अंश होते. उत्तर टाकलं, 'यू टू.' आणि अण्णांना सांगितलं, 'काही नाही, ऊन लागू देऊ नका म्हणतोय.'